मुलाला ऑपेराचा कंडक्टर व्हायचंय, नाशकात बसून सुरुवात कुठून करायची?

कॉलेजरोडची_आई

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, इथे एरवी पाणीकपात आणि क्लासेसच्या फिया यावरच चर्चा चालते, पण आपल्याकडे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतेय. मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय, पैसे भरून झालेत. लहानपणापासून पियानो शिकतो, ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेची सातवी ग्रेड झाली, आठवीची तयारी चालू आहे. इथपर्यंत सगळं छान होतं, आम्हीपण कौतुकाने पाहुण्यांसमोर बसवायचो त्याला वाजवायला. पण मध्ये त्याने यूट्यूबवर व्हिएन्नाचा २०१५ चा न्यू इयर कॉन्सर्ट बघितला, झुबिन मेहतांचा, आणि तेव्हापासून याला कंडक्टर, म्हणजे वादकांसमोर उभं राहून हाताने खुणा करणारा, व्हायचंय. तेही नुसत्या ऑर्केस्ट्राचा नाही, ऑपेराचा, म्हणजे गाण्यांतूनच चालणाऱ्या नाटकाचा! म्युनिकच्या ऑपेराचं फुकट स्ट्रीमिंग असतं ते आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतं आणि संपतं कधी तर पहाटे, आणि हा समोर ढीगभर प्रिंटआउट पसरून पेन्सिलने खुणा करत बसलेला, सकाळी क्लासला डोळे लाल.

याच्या बाबांचं म्हणणं आहे की हे वयाचं खूळ आहे, जाईल. मला तसं वाटत नाहीये म्हणून विचारते. ही खरंच नोकरी असते का? म्हणजे पगार वगैरे? शिकायचं कुठे? सतरा वर्षं म्हणजे उशीर झालाय का? आणि आधी इंजिनिअरिंग करून मग बघू असं चालतं का? नाशकात ऑपेरा सोडा, व्हायोलिन शिकवणारेसुद्धा शोधावे लागतात. प्लीज चेष्टा नको, घरात ती भरपूर चालू आहे.

ढोलवाला_पंचवटी

ताई चेष्टा नाही करत पण एक प्रामाणिक शंका आहे. त्या ऑर्केस्ट्रात प्रत्येकासमोर कागद असतो ना, काय वाजवायचं ते लिहिलेलं असतं, सगळे वर्षानुवर्षं शिकलेले असतात, मग हा माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहून नक्की काय करतो? आमच्या पथकात ताशावाला लय धरतो, पुढचा शिट्टी मारून हात वर करतो की ठेका बदलतो आणि शंभर ढोल एकदम फिरतात, कागद कुठला नि काय. हा त्यातलाच प्रकार ना? मग त्याला एवढं नाव आणि पैसा कशाला? वाजवणारे राहिले बाजूला.

व्हायोला_नाशिकरोड

दादा तुमचा प्रश्न वाजवणारेपण विचारतात, वैतागले की जास्तच 😄. मी व्हायोला वाजवतो, मुंबईत मोठा कार्यक्रम असला आणि माणसं कमी पडली की जादा वादक म्हणून बोलावतात, तेव्हा पंचवटी एक्स्प्रेस पकडून जातो. त्यामुळे खुर्चीत बसून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आमच्या कागदावर फक्त आमचीच ओळ असते. बाजूचा बासरीवाला काय वाजवणार ते माझ्या कागदावर नाही. ट्रोम्बोनवाल्याला तर कधी कधी शंभर मात्रा गप्प बसून मोजायच्या असतात आणि मग एकदम जोरात यायचं असतं. सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक, वीस-पंचवीस, असलेलं पुस्तक फक्त कंडक्टरसमोर असतं, त्याला स्कोअर म्हणतात. त्यातही गंमत म्हणजे क्लॅरिनेटचा सा वेगळ्या जागी लिहितात, हॉर्नचा आणखी वेगळ्या, आमचा व्हायोला तर वेगळ्याच क्लेफमध्ये, म्हणजे ओळींवर सुरांच्या जागाच वेगळ्या, आणि हे सगळं डोळ्यांनी वाचताना मनात खऱ्या सुरात ऐकू आलं पाहिजे. ताईंचा मुलगा प्रिंटआउट घेऊन बसतो ना, तो योग्य जागी बसलाय.

दुसरं, तुमची शिट्टी आणि ठेका एकाच वेळी पडतो. इथे हात आवाजाच्या आधी चालतो. पहिली मात्रा पडायच्या आधी तो हात वर नेतो, त्या वर जाण्यातच वेग किती, जोर किती, टोकदार की मऊ, सगळं सांगून झालेलं असतं आणि सत्तर माणसं त्यावर एकत्र श्वास घेतात. म्हणजे तो सतत पुढच्या क्षणात असतो पण कान मात्र आत्ता जे वाजलं त्याच्यावर. हे दोन्ही एकदम करणं महाकठीण आहे, मी एकदा चार लोकांसमोर करून बघितलं, दोन ओळीत सगळे चार दिशांना गेले.

ऑपेरात तर आणखी त्रास. ऑर्केस्ट्रा खाली खड्ड्यात, त्याला पिट म्हणतात, गाणारे वर स्टेजवर, त्यांच्या मागे कोरस, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा जथा, कधी पडद्यामागे आणखी एक छोटी वाद्यांची टोळी जिला कंडक्टर फक्त टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. जेईईवाल्याला हे लगेच कळेल, कोरस तीस मीटर मागे असेल तर आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो म्हणजे एक दशांश सेकंदाच्या आसपास उशीर, आणि जलद लयीत तेवढ्यात सगळं विस्कटतं. म्हणून मागच्यांनी कानावर नाही, हातावर विसंबायचं असतं. वर गायकाला माईक नाही! ऐंशी वाद्यांवरून एका बाईचा आवाज शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे, त्यात ती त्या दिवशी थकलेली असेल, श्वास कमी पडत असेल, तर ते तिच्या खांद्यावरून ओळखून लय किंचित पुढे ढकलायची, तिला कळूसुद्धा न देता. कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आणि खरं काम तालमीत होतं, कार्यक्रमात तुम्ही बघता तो शेवटचा भाग. कुठलं वाद्य दाबायचं, कुठे सगळ्यांनी गज एकाच दिशेने ओढायचा, कुठल्या सुरात कोण किंचित खाली आहे. चांगला माणूस कमी बोलतो. स्टँडसमोर उभं राहून रचनाकाराच्या दुःखाबद्दल व्याख्यान देणारा आला की आम्ही घड्याळाकडे बघायला लागतो. पहिल्या दहा मिनिटांत कळतं समोरचा माणूस ऐकतोय की नुसता हात हलवतोय.

देवळालीचे_आजोबा

मेहतांचं नाव निघालंय म्हणून लिहितो. देवळाली कॅम्पात शेजारी पारशी कुटुंबं होती, त्यांच्यामुळे एलपी ऐकायची सवय लागली, ती अजून आहे. लोकांना वाटतं झुबिन मेहता म्हणजे चमत्कार, मुंबईचा मुलगा उठला आणि जगातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांसमोर उभा राहिला. ताईंनी मुलाला आणि विशेषतः त्याच्या बाबांना हा क्रम नीट सांगावा.

जन्म १९३६, मुंबई. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, त्यांनीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. म्हणजे घरात सकाळ-संध्याकाळ तालमी. तरीही पोराला डॉक्टर करायचं ठरलं होतं आणि झेवियर्समध्ये त्याची सुरुवातही झाली होती (बाबांना हे वाक्य दोनदा वाचायला द्या). १९५४ मध्ये अठराव्या वर्षी ते सोडून व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्की या गुरूंकडे. आणि तिथे कंडक्टिंगबरोबर शिकले काय तर डबल बेस, ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात अवजड तंतुवाद्य, मागे उभं राहून वाजवायचं. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना आत सोडत नसत म्हणून हे आणि यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अब्बाडो, तोही पुढे जगप्रसिद्ध झाला, दोघे तिथल्या कोरसमध्ये गायक म्हणून भरती झाले, म्हणजे गाता गाता समोर उभ्या असलेल्या कारायान या बड्या कंडक्टरचे हात बघता येतील. १९५६ मध्ये हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले तेव्हा विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवून त्यांच्या छावणीत जाऊन कार्यक्रम केला. कोणी बोलावण्याची वाट बघितली नाही.

मग १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, बक्षीस काय तर तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर सहायकाची जागा. १९६१ पर्यंत व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही ठिकाणच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रांसमोर उभे राहिले होते. लॉस एंजेलिसची गोष्ट तर फारच मजेची. तिथल्या ऑर्केस्ट्रात मुख्य कंडक्टर म्हणून येणार होते गेओर्ग शोल्टी. व्यवस्थापनाने त्यांना न विचारता या तरुण मेहताला सहायक म्हणून नेमलं, शोल्टी भडकले आणि आलेच नाहीत, आणि १९६२ मध्ये सव्विसाव्या वर्षी जागा मिळाली मेहतांना. नशीब म्हणा, पण नशिबाने दार उघडलं तेव्हा हा माणूस तयारीनिशी दारात उभा होता. तिथे १९७८ पर्यंत, मग न्यूयॉर्क १९९१ पर्यंत, आणि त्याच काळात इस्रायल फिलहार्मोनिकही चालूच, ते थेट २०१९ पर्यंत. ऑपेरा म्हणाल तर १९६५ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आयडा नावाचा ऑपेरा, पुढे फ्लोरेन्सला १९८५ पासून तीस वर्षांहून जास्त, आणि म्युनिकचा ऑपेरा १९९८ ते २००६. तुमचा मुलगा ज्याचं स्ट्रीमिंग बघतो तेच घर.

एकच प्रसंग सांगतो आणि थांबतो. १९९२ ला इटालियन टीव्हीने रोममध्ये टोस्का नावाचा ऑपेरा केला, जिथे जो प्रवेश घडतो त्या खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या राजवाड्यात, खऱ्या किल्ल्यावर, आणि गोष्टीत जी वेळ आहे त्याच वेळी, शेवटचा अंक पहाटे. गायक तिथे, आणि ऑर्केस्ट्रा घेऊन मेहता दुसरीकडे स्टुडिओत! मध्ये फक्त पडदे आणि स्पीकर. व्हायोलावाल्यांनी तीस मीटरचा हिशेब सांगितला, इथे गाणारा आख्ख्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि थेट प्रक्षेपण. मला त्या माणसाच्या बाकी सगळ्या बक्षिसांपेक्षा हे मोठं वाटतं. जाता जाता, साहेब जगभर फिरताना खिशात मिरच्या बाळगतात, तिकडचं जेवण आपल्या जिभेला चालत नाही म्हणून.

भद्रकालीकर

सगळं खरं पण एवढा खटाटोप कशासाठी? पलुस्करांनी याच पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, आपल्या गावाला केवढी मोठी परंपरा, मुलाला कान आहेत तर ख्याल शिकवा, हार्मोनियम-तबल्याला नाशकात गुरू आहेत. परक्यांच्या संगीतात आपला माणूस कायम पाहुणाच राहणार.

सॅक्सनीतला_नाशिककर

भद्रकालीकर, मुलाला पियानो आवडतोय, त्याला ख्याल शिकवला तर तो पियानोच्या आठवणीत ख्याल गाईल, दोन्हीचं वाटोळं. आणि पाहुणा म्हणाल तर सेइजी ओझावा जपानचा, रग्बी खेळताना बोटं मोडली म्हणून पियानो सुटला आणि कंडक्टर झाला, बोस्टनला १९७३ ते २००२ म्हणजे एकोणतीस वर्षं एका जागी आणि नंतर व्हिएन्नाच्या ऑपेराचा संगीतप्रमुख. दुडामेल हा आजचा नावाजलेला कंडक्टर व्हेनेझुएलाचा. व्हिएन्नावाल्यांनी कोणाला पाहुणा म्हणून वागवलं असं दिसत नाही.

ताई, मी इथे जर्मनीत ऑफिसात काम करतो, संगीताशी पोटापाण्याचा संबंध नाही, पण बायको इथल्या थिएटरच्या जादा कोरसमध्ये गाते त्यामुळे आतलं बऱ्यापैकी माहीत झालंय. तुमच्या मुलाने ऑपेरा म्हटलंय ना, मग मेहतांचा रस्ता त्याच्या उपयोगाचा नाही, तो स्पर्धा जिंकून थेट मोठ्या ऑर्केस्ट्रांसमोर गेलेल्यांचा रस्ता आहे. ऑपेराचा एक जुना, संथ, कंटाळवाणा रस्ता आहे आणि तो पियानोवरून जातो, जी गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे.

कसं ते सांगतो. जर्मनीत ऐंशीच्या आसपास सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं आहेत, अगदी नाशिकपेक्षा कितीतरी लहान गावातसुद्धा. प्रत्येकात रेपेटिटर नावाची माणसं नोकरीला असतात, पगारी. गायकांना नवीन भूमिका बसवून द्यायची, आख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत पियानोवर वाजवत, समोर जो गायक हजर नाही त्याची ओळ स्वतः तोंडाने गात (आवाज भयाण असला तरी चालतो, सगळ्यांचा तसाच असतो), उच्चार सुधारत, चुकलं की थांबवत. दिवसदिवस हेच. स्टेजवरच्या तालमीसुद्धा पियानोवरच होतात, ऑर्केस्ट्रा शेवटच्या टप्प्यात येतो. मग हळूहळू पडद्यामागच्या कोरसला खूण द्यायचं काम मिळतं, मग कधीतरी लहान मुलांच्या ऑपेराचा दुपारचा प्रयोग, आणि एक दिवस मुख्य माणूस आजारी पडतो आणि संध्याकाळचा प्रयोग तुझ्यावर येतो, ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम न करता, कारण प्रयोग जुना आहे, सगळ्यांना येतोय, फक्त तुला उभं राहायचंय. त्यात तरला की पुढची पायरी कापेलमाइस्टर, म्हणजे थिएटरचा नेमलेला कंडक्टर, आणि सगळ्यात वर जनरल म्युझिक डायरेक्टर, त्याला इथे सगळे नुसतं गे-एम-डे म्हणतात.

हा रस्ता लहान माणसांचा आहे असं समजू नका. कारायान १९२९ ला उल्मसारख्या छोट्या गावातल्या थिएटरात लागला. आजोबांनी सांगितलेले ते भडकलेले शोल्टी, ते बुडापेस्टच्या ऑपेरात वर्षानुवर्षं रेपेटिटर होते, १९३८ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा प्रयोग चालवायला मिळाला, आणि त्याच रात्री हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरत असल्याची बातमी आली, ज्यू असल्यामुळे पुढे देशच सुटला. आणि आजच्या काळातला म्हणाल तर अँटोनिओ पपानो. वडील गाणं शिकवायचे, हा पोरवयापासून त्यांच्या शिष्यांना पियानोवर साथ करायचा, कुठल्याही संगीत विद्यापीठाची डिग्री नाही, न्यूयॉर्क सिटी ऑपेरात रेपेटिटर, मग बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवात बारेनबॉइम या कंडक्टरचा सहायक, मग ओस्लो, ब्रसेल्स, आणि २००२ ते २०२४ लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचा संगीतप्रमुख. बावीस वर्षं!

आता वाईट बाजू, ती पण ऐकाच. सुरुवातीचा पगार बेताचा. करार वर्षावर्षाचे, पुढच्या सीझनला ठेवायचं नसेल तर ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत कळवतात, त्यामुळे इथे थिएटरवाल्यांची दसरा-दिवाळी टेन्शनमध्येच जाते. संचालक बदलला की कितीतरी माणसं बदलतात. संध्याकाळ, शनिवार, रविवार, ख्रिसमस, सगळं कामाचं. आणि जागांपेक्षा उमेदवार खूप जास्त, कोरिया-जपान-चीनची पोरं इतकी तयारीची येतात की बघत राहावं. गे-एम-डे सगळ्यांनाच होता येत नाही, बरेच जण आयुष्यभर रेपेटिटर किंवा कोरसमास्तर राहतात, आणि त्यातले काही जण माझ्या ओळखीचे आहेत, ते सुखी आहेत असं मला तरी दिसतं. तुमच्या मुलाला फक्त काडी घेऊन उभं राहायचंय की हे दिवसभराचं गायकांबरोबर घासणं पण आवडेल, हे त्याला आत्ताच विचारा.

गंगापूररोड_तेजू

मस्त धागा!! माझी भाची पण हेच म्हणते, तिला तिच्या सरांनी सांगितलं मुलींचं काम नाही हे. मारिन ऑल्सॉप २००७ पासून बाल्टिमोरच्या ऑर्केस्ट्राची प्रमुख होती आणि २०१३ ला लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र एका बाईने चालवली ती पहिल्यांदा हिनेच. सरांना लिंक पाठवली, अजून ब्लू टिक नाही.

फीबद्दल कोणी सांगेल का? सगळे कुठे शिकायचं सांगतायत, किती लागतात ते कोणी बोलत नाही.

सॅक्सनीतला_नाशिककर

तेजू, फी हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाहीच, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी भरायची, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो. व्हिएन्नाच्या विद्यापीठात परदेशी मुलांना सेमिस्टरला साधारण ७३० युरो. नाशकातल्या जेईई क्लासशी तुलना ताईंनीच करावी. खर्च होतो तो राहण्याचा. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटला ठेवावे लागतात, २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. ही खरी भिंत.

दुसरी भिंत प्रवेश परीक्षा. जागा मोजक्याच. पियानो, कानाची परीक्षा, समोर अनोळखी स्कोअर ठेवून वाजव म्हणतात, आणि प्रत्यक्ष वादकांसमोर किंवा दोन पियानोंसमोर कंडक्ट करायला लावतात. आणि जर्मन यायला पाहिजे, गायकांना जर्मनमध्ये उच्चार शिकवायचेत तर आपलं जर्मन मोडकं कसं चालेल. इटालियन नंतर आपोआप लागतं, कारण अर्धा ऑपेरा त्याच भाषेत. जर्मनची परीक्षा मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते, क्लास नाशकातही सापडतील.

ढोलवाला_पंचवटी

मी आपला शंका विचारून गेलो आणि इथे पीएचडी झाली. काल रात्री तो टोस्का शोधून बघितला आजोबा, भाषा कळली नाही पण शेवटी ती बाई किल्ल्यावरून उडी मारते तिथे अंगावर काटा आला. एक विचारू का, मग जुन्या हिंदी सिनेमात शंभर-शंभर वायोलिनं वाजायची तिथेपण असा माणूस असायचा का?

व्हायोला_नाशिकरोड

असायचा की. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशी गोव्याची मंडळी, संगीतकाराने चाल दिली की कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून काढायची आणि रेकॉर्डिंगला समोर उभं राहून वाजवूनही घ्यायची. श्रेय मात्र पडद्यावर फार कमी वेळा आलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी दोन दिवस लिहीत बसेन.

कॉलेजरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. मुलाला सगळं वाचून दाखवलं, म्हणजे त्यानेच फोन ओढून घेतला. शोल्टींची गोष्ट त्याला माहीत होती म्हणे, पपानोची नव्हती. रेपेटिटरचं वाचून आधी तोंड पडलं, मग थोड्या वेळाने म्हणाला म्हणजे मी गायकांबरोबर रोज बसणार, ते चालेल. याच्या बाबांनी फक्त फीचा आकडा वाचला आणि म्हणाले जर्मन लावून बघायला हरकत नाही, तेवढं कुठेही उपयोगी पडतं. आमच्या घरात हा मोठा विजय आहे.

आता नेमकं विचारते. एक, बारावीपर्यंत नाशकात राहून काय करता येईल? दोन, दुसरं वाद्य घ्यायचं का, कोणतं? तीन, जेईई सोडवू का? आणि प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा त्याने अजून एकदाही समोर बसून ऐकलेला नाही, सगळं स्क्रीनवर.

देवळालीचे_आजोबा

शेवटचं आधी करा. स्क्रीनवर कॅमेरा ठरवतो काय बघायचं. मुंबईला नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सुरू केलेला. एरवी वर्षात दोन मोठे सीझन असतात, फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या सुमारास. जमशेद भाभा थिएटर बघण्यासारखं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेहता स्वतः तिथे याच ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले होते, सत्त्याऐंशी वर्षांचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनच्या ऑपेरांचं चित्रीकरणही एनसीपीएमध्ये दाखवतात. आणि तिकीट काढताना एक करा, महागाचं पुढचं घेऊ नका, बाजूच्या वरच्या जागेवरून कंडक्टरचा चेहरा दिसतो.

व्हायोला_नाशिकरोड

जेईईचं तुम्ही घरात ठरवा, त्यात मी पडत नाही. पण इंजिनिअरिंग करून मग बघू हे चालणार नाही, बाविसाव्या वर्षी प्रवेशाला उभा राहील तेव्हा शेजारी एकोणीस वर्षांची तयार पोरं असतील, आणि कंडक्टिंगच्या स्पर्धांना पस्तिशीच्या आसपास वयाची अट असते, वेळ तसा कमी पडतो. सतरा उशीर नाही. पियानोची सातवी ग्रेड बरी आहे पण तिकडे प्रवेशाला आठवीच्या पुष्कळ पुढचं वाजवावं लागेल हे त्याच्या शिक्षकांशी आत्ताच बोला.

दुसरं वाद्य जरूर घ्या, हात बसण्यासाठी नाही, खुर्चीत बसून समोरच्याचा हात बघण्यासाठी. तंतुवाद्य असलं तर उत्तम. मेहतांनी डबल बेस घेतला तो नाशकात मिळणं आणि दुसऱ्या मजल्यावर चढवणं दोन्ही अवघड, व्हायोलिन मिळेल. व्हायोला शिकायचा असेल तर नाशिकरोडला माझ्याकडे पाठवा, एक जादा पडलाय.

आणि नाशकात करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कोरस. शरणपूरला, त्र्यंबक नाक्याला चर्च आहेत, चर्चमध्ये कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, असतो आणि सरावाला साथ करणारा पियानो-ऑर्गनवाला मिळाला तर कोणीही नको म्हणत नाही, विशेषतः नोव्हेंबरात ख्रिसमसची तयारी सुरू झाली की. चार आवाज, त्यात दोन बेसुरे, एक काकू कायम अर्धी मात्रा मागे, आणि त्यांना न दुखावता एकत्र आणायचं. जाऊन विचारा, लागलं तर मी बरोबर येतो.

सॅक्सनीतला_नाशिककर

व्हायोलाभाऊंचं कॉयरचं एक नंबर. त्यात एवढंच जोडतो, आयएमएसएलपी नावाच्या साइटवर जुन्या रचनांचे स्कोअर फुकट आहेत. मुलगा ऑर्केस्ट्राचा स्कोअर उतरवत असेल, त्याला म्हणावं त्याच ऑपेराचा व्होकल स्कोअर पण घे, गायकांच्या ओळी आणि खाली पियानो. इथे थिएटरात रेपेटिटरच्या परीक्षेला ठरलेल्या ऑपेरांची ठरलेलीच पानं विचारतात, फिगारोच्या दुसऱ्या अंकाचा शेवट, कार्मेनमधलं पाच जणांचं गाणं, बोहेमची सुरुवात. फिगारोपासून सुरू कर म्हणावं. वाजवायचं आणि सगळ्यांच्या ओळी गायच्या, एकट्याने.

कॉलेजरोडची_आई

फिगारो प्रिंटला दिलंय, कॉलेज रोडवरचा झेरॉक्सवाला विचारत होता स्पायरल करायचं का. आणि व्हायोलाभाऊ, शरणपूरला या रविवारी सकाळी जमेल का? हा येतो म्हणतोय, क्लासची टेस्ट दुपारी आहे.

व्हायोला_नाशिकरोड

साडेनऊला गेटपाशी भेटू. स्पायरलच करा, पुठ्ठ्याची बाइंडिंग केली तर पियानोवर उघडी राहत नाही.